चारशे मीटरची रेघ

शाळेत त्यांना सगळे फक्कीबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर नुसतं 'बाई'. त्या पीटीच्या बाई होत्या. पण शाळेतल्या बाकीच्या बाईंचे हात खडूने पांढरे व्हायचे आणि यांचे चुन्याच्या फक्कीने, म्हणून हे नाव. दर सोमवारी सकाळी सहाला त्या मैदानावर हजर असत आणि धावपट्टीच्या रेघा स्वतःच्या हाताने मारत. शिपायाला फक्कीच्या डब्याला हात लावू देत नसत. "त्याची रेघ म्हणजे सरपटत साप गेलाय," असं त्या म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यांची रेघ मात्र बघावी अशी असे. दोन सरळ बाजू ताणलेल्या दोरीवर, आणि दोन्ही टोकांची वळणं खुंटीवर. जमिनीत खुंटी ठोकायची, तिला दोरीचं एक टोक बांधायचं, दुसरं टोक हातात धरून अर्धं वर्तुळ चालायचं आणि चालता चालता फक्की सोडत जायची. एक फेरी दोनशे मीटर, दोन फेऱ्या चारशे. सुरुवात आणि शेवट पाण्याच्या टाकीजवळ. पलीकडचं वळण मैदानाच्या रिकाम्या टोकाला होतं, जिथे तडकलेली जमीन, थोडी झुडपं आणि मग बरंच लांब कुंपणाची भिंत. तिकडे कुणी फिरकत नसे.

बाई स्वतः कॉलेजात पळायच्या. मोठ्यात मोठ्या शर्यतीत त्यांचा चौथा नंबर आला होता, आणि चौथ्या आलेल्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही. लग्न केलं नाही. वेळच मिळाला नाही म्हणत. पण मिळाला असता तरी त्याही वेळात त्यांनी पोरींना पळवलंच असतं. एकवीस वर्षं नोकरी झाली, त्यात पळायला आलेल्या मुली शे-दीडशे असतील. त्यातल्या बहुतेक दहावीच्या वर्षी क्लासला गेल्या त्या गेल्याच. खरी पळणारी अशी एकच मिळाली होती, आणि ती घरातलीच निघाली. सख्ख्या बहिणीची मुलगी.

या भाचीला बाईंनी स्वतः केंद्रात पाठवलं होतं. केंद्र म्हणजे सरकारी निवासी क्रीडा केंद्र, दुसऱ्या शहरात. तिथले टोपीवाले साहेब दरवर्षी शाळाशाळांतून वेळांचे तक्ते मागवत. सतराच्या आतल्या मुलीने चारशे मीटर साठ सेकंदांच्या आत मारले, की तिला उचलायचे. भाची तेराव्या वर्षी साठाच्या आत पळाली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. बहीण म्हणत होती, लहान आहे गं, दोन वर्षं थांबू. बाई म्हणाल्या, "संधी काय दारात खुर्ची टाकून बसते का?" आणि बहिणीने सही केली.

केंद्रात दिवसाला तीन वेळा सराव. नडगी दुखते म्हटलं की फवारा. फवाऱ्याने भागलं नाही की पट्टी, पट्टीने भागलं नाही की इंजेक्शन. एका शर्यतीत वळणावर तिचं हाड मोडलं. ते पुरतं भरायच्या आत तिला पुन्हा उतरवलं, ते पुन्हा मोडलं. सोळाव्या वर्षी ती घरी परत आली ती एक पेटी आणि सहभागाचं एक प्रमाणपत्र घेऊन. हाडाच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला आणि म्हणाले, "कच्च्या विटांवर मजला चढवलात तुम्ही. सोळा-सतरापर्यंत थांबला असता तर काय बिघडलं असतं?" बहिणीने मान वळवून बाईंकडे पाहिलं. त्यानंतर तिने बाईंशी बोलणंच टाकलं. भाची मात्र येत-जात राहिली. ती आता एका चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाला तीन पायऱ्या आहेत आणि त्या चढताना ती प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय ठेवते, मग उजवा ओढून त्याच्या शेजारी आणते. बाईंनी ते कितीदा पाहिलं असेल, पण त्या पायऱ्यांची त्यांना सवय झाली नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंनी पुढे जे केलं त्याला फुंकणं म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

भाची परत आल्याच्या दुसऱ्या वर्षी सुतळी आली. बारीक, लांब आणि पीळदार, म्हणून वर्गातल्या मुलींनीच तिचं हे नाव पाडलं. पोस्टाच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या टपरीत किल्ल्या बनवून देणारा एक माणूस बसतो, त्याची ही एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. किल्लीवाला तिला घेऊन स्वतः मैदानावर आला आणि म्हणाला, "बाई, आजवर हजारो कुलपं उघडली असतील, पण हिचं तोंड काही उघडत नाही. घरात नुसती इकडून तिकडे पळते. म्हटलं, पळायचंच आहे तर तुमच्याकडे पळ."

त्या दिवशी बाईंनी तिला अनवाणीच चारशे मीटर पळवलं. घड्याळात बासष्ट पॉइंट चार. ना शिकवणी, ना बूट, वय तेरा. बाईंनी घड्याळ खिशात टाकलं आणि शेजारच्या दगडावर बसल्या. आनंद व्हायला हवा होता, तो झालाच नाही. ही पोरगी सहा महिन्यांत साठाच्या आत जाणार, हे त्यांना लख्ख दिसलं, आणि पाठोपाठ टोपीवाले साहेब दिसले.

सुरुवातही तशीच झाली. चार महिन्यांत ती साडेएकसष्टावर आली. तक्ता पाठवायची तारीख जवळ आली होती. खोटी वेळ लिहिणं बाईंच्याने होईना. वहीत खोटा आकडा टाकायला पेन उचललं आणि तसंच ठेवून दिलं. एकवीस वर्षांत त्यांनी एक दशांशही इकडचा तिकडे केला नव्हता. त्या सोमवारी त्या नेहमीसारख्या सहाला मैदानावर गेल्या, पलीकडच्या वळणाची खुंटी उपटली, आणि दीड मीटरला थोडं कमी, एवढी भिंतीच्या दिशेने सरकवून ठोकली. जुन्या भोकात एक लांब खिळा मारून ठेवला, म्हणजे मूळ जागा हरवायला नको. मग दोरी धरून अर्धं वर्तुळ चालल्या. रेघ नेहमीसारखीच देखणी आली. दोन फेऱ्यांना मिळून पाच-सहा मीटर वाढले. सुतळी त्या दिवशी पळाली, बासष्ट पॉइंट तीन. बाईंनी वहीत बासष्ट पॉइंट तीन लिहिलं. आकडा खरा होता आणि घड्याळही खरं होतं. खोटी होती ती जमीन, आणि जमिनीला कोण विचारतो?

पहिल्या वेळी खुंटी ठोकण्याआधी त्यांनी चौफेर पाहिलं. दुसऱ्या वेळी नाही. तीन वर्षांत बाईंनी खुंटी सहा वेळा सरकवली. पोरीने सेकंदभर कमी केला की सोमवारी वळण थोडं लांब. झुडपांच्या अलीकडे सात खिळे एका रांगेत मातीत बुडून बसले: पहिला मूळ जागेचा, बाकी सहा सरकवलेल्या जागांचे. वहीच्या शेवटच्या पानावर बाई हिशेब करून खरे आकडे मांडत, की धावपट्टी चारशेची असती तर ही किती पळाली असती. साठ पॉइंट एक. अठ्ठावन्न पॉइंट आठ. सत्तावन्न पॉइंट पाच. ते पान उघडून बघताना त्यांना कितीतरी वर्षांनी सुख व्हायचं. सतरावं लागलं, हाडं पिकली, की हिला घेऊन सरळ मोठ्या निवड चाचणीला उभं करायचं, आणि टोपीवाल्यांच्या नाकावर टिच्चून. तोवर कुणाला वास लागता कामा नये. सुतळीलासुद्धा नाही. मुलीच्या पोटात गोष्ट राहते थोडीच, असं त्या मनाला सांगत; जिचं तोंड उघडत नाही अशी तक्रार तिचा बाप करत होता त्या मुलीबद्दल.

स्पर्धांना बाई तिला फक्त रिलेत उतरवत. चौघींच्या मिळून वेळेत एकीची वेळ कुणाला कळते? बाकीच्या मुली बाहेर जाऊन आल्या की म्हणत, "बाई, तिथे आपल्यापेक्षा फास्ट पळायला होतं." बाई म्हणत, "तिथलं मैदान हलकं असतं." या बाकीच्या मुलींचा विचार बाईंच्या डोक्यात कधी आला नाही, हेही इथे सांगून टाकतो. वळण काही एकट्या सुतळीसाठी लांब झालं नव्हतं. त्या तीन वर्षांत सगळ्याच मुलींच्या वेळा बिघडल्या, काहीजणी कंटाळून सोडून गेल्या, आणि शाळेत बोललं गेलं की हल्लीच्या पोरींच्यात दमच नाही.

साहेब एकदा स्वतः आले होते. टोपी तीच. तक्ता बघून म्हणाले, "ही तुमची उंच मुलगी... पाय छान आहेत. पण दोन वर्षं बासष्टवरच? राहू द्या, यातलं काही वर येत नसतं." सुतळी चार हातांवर बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. बाईंना मात्र मनातून इतका आनंद झाला, की साहेबांना त्यांनी आग्रह करून चहा पाजला.

टपरीच्या शटरच्या आतल्या बाजूला सुतळी खडूने आपल्या वेळा लिहायची. पहिल्या दिवसापासूनच्या. बासष्ट पॉइंट चार, एकसष्ट पॉइंट पाच, बासष्ट पॉइंट तीन, एकसष्ट पॉइंट नऊ, बासष्ट पॉइंट चार. शटर खाली ओढलं की एका खाली एक अशी ती सगळी यादी दिसायची. किल्लीवाला एकदा किल्ली घासता घासता बाईंना म्हणाला, "बाई, हे काय ते मला कळत नाही. पण ती हल्ली साडेचारला उठते. भात सोडला. शाळेतून आली की दोरीच्या उड्या. केस कापून टाकले, म्हणे वजन होतं. केसांचं वजन किती असतं हो?"

"मेहनत करतेय," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. फळ दिसत नाही."

"येईल. थोडा धीर धरा."

किल्लीवाल्याने मशीन थांबवलं, किल्ली डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, "आमच्यात कसं असतं, किल्ली फिरत नसली की आधी किल्लीच घासतो आपण. घासून घासून ती पातळ होते. कुलपातच खोट असेल हे शेवटी सुचतं." तो हे सहज बोलला होता. बाईंना ठसका लागला.

तरी त्या बोलल्या नाहीत. सतरावं लागायला अडीच महिने उरले होते. इतकी वर्षं काढली, अडीच महिने काय मोठेसे?

एका गुरुवारी सराव संपल्यावर सुतळी टाकीजवळ थांबून राहिली. बाकीच्या मुली गेल्या. तोंड न उघडणारी मुलगी त्या दिवशी बोलली.

"बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"माझ्यात आहे का काही? म्हणजे... मी तीन वर्षांत एक सेकंदसुद्धा कमी केला नाही. पहिल्या दिवशी अनवाणी पळाले तेवढंच अजून पळतेय. तुम्ही मला अजून का ठेवलंय?"

आता बघा. इथे बाईंना फक्त बोट दाखवायचं होतं. त्या रिकाम्या टोकाकडे हात करून म्हणायचं होतं, चल, तिथे सात खिळे आहेत, मोज. वहीचं शेवटचं पान उघडायचं होतं. ओठावर आलंही. पण त्याच वेळी डोळ्यांपुढे भाचीच्या तीन पायऱ्या आल्या. पोरगी कुणाला तरी सांगेल, ते कुणाला तरी सांगतील, आठवड्याभरात टोपी दारात.

"पळत राहा," त्या म्हणाल्या. "आकड्यांकडे बघू नकोस."

सुतळीने मान डोलावली. बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून टाकीच्या नळाला अडकवले. "लहान मुलींपैकी कुणाला तरी होतील," म्हणाली आणि अनवाणीच घरी गेली. पुन्हा मैदानावर आली नाही.

बाईंना वाटलं, रुसवा आहे, निघेल. आठवडा गेला. महिना गेला. मग त्यांचा अभिमान आडवा आला: मी तिच्यासाठी एवढं केलं आणि तिला दोन महिने धीर निघत नाही? मग भीती आडवी आली: आता सांगितलं तर काय तोंडाने? सतरावं लागलं त्या दिवशी त्या पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि पाकिटं विकत घेऊन परतल्या. निवड चाचणी होऊन गेली. सुतळी एका दाताच्या दवाखान्यात खिडकीत बसून लोकांची नावं लिहून घ्यायला लागली. सकाळी नऊ ते रात्री आठ. असं करता करता दीड वर्ष गेलं. मैदानाची रेघ बाईंनी अजून लांबच ठेवली होती. वळण परत अलीकडे आणायचा धीर त्यांना होत नव्हता.

शेवटी ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगितली ती भाचीला. चष्म्याच्या दुकानात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. अगदी खुंटीपासून खिळ्यांपर्यंत सगळं. त्यांना वाटलं होतं, सगळ्या जगात एवढी एक तरी मुलगी म्हणेल, मावशी, बरं केलंस. त्या म्हणाल्याही, "तुझं झालं तसं तिचं व्हायला नको होतं गं."

भाची काउंटरवरच्या काचा पुसत होती. फडकं तसंच धरून तिने विचारलं, "तिला विचारलं होतंस?"

"काय?"

"हेच. की बाई गं, तू इतकी फास्ट आहेस, गेलीस तर पाय मोडेल, थांबलीस तर कदाचित नाही. काय करू? असं विचारलंस?"

"तेरा वर्षांची पोर, तिला काय कळतं?"

"मलाही तेव्हा कुणी विचारलं नाही," भाची म्हणाली. "आईने सही केली, तू पेटी भरलीस. पण मावशी, एक सांगू? मला रडू येतं ते पायाचं. पळण्याचं नाही. मी अठ्ठावन्न पळाले होते. केंद्राच्या मैदानावर, सगळ्यांसमोर. ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. पाय मोडला तरी तो आकडा माझाय. तिच्यासाठी तू काय शिल्लक ठेवलंस?"

भाची पुन्हा काचा पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "जा आणि सांग तिला. आणि स्वतःला बरं वाटावं म्हणून यात माझं नाव घेऊ नकोस."

बाई त्याच संध्याकाळी गेल्या असत्या तर त्या बाई कसल्या? तीन दिवस लागले. शनिवारी दवाखाना लवकर सुटतो, त्या वेळी त्या टपरीवर पोचल्या. सुतळी बापाला डबा द्यायला आली होती. थोडी भरली होती, केस वाढले होते. तिने हसून स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, वहीचं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

किल्लीवाल्याचं मशीन बंद पडलं होतं. म्हणजे त्यानेच बंद केलं होतं.

सुतळीने पान वाचलं. बोट ठेवून ठेवून. "छप्पन्न पॉइंट नऊ," ती म्हणाली. "हे मी?"

"तूच. सोळाव्या वर्षी. त्या वर्षी चाचणीत तुझ्याइतकं पळणाऱ्या दोघीच होत्या."

"पण हे हिशेबाने काढलेले आकडे आहेत ना बाई? पळालेले नाहीत." तिने वही मिटून परत दिली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोसला असता. "मी सोडलं म्हणून तुम्हाला अजून वाईट वाटतंय. मला कळतं. पण खरंच मला काही वाटत नाही आता. मला बरं वाटावं म्हणून असलं काही सांगू नका."

"मी खोटं बोलत नाहीये गं!"

"तुम्ही कधीच खोटं बोलत नाही बाई," सुतळी म्हणाली. "म्हणून तर मी सोडलं."

किल्लीवाला उठला. फळीवरून त्याने मोजपट्टी काढली, पोलादी, लांब, गुंडाळीची. "उद्या रविवार," तो म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? सकाळी मोजू." बाईंकडे त्याने पाहिलं नाही.

रविवारी तिघंही मैदानावर होते. बाईंनी खिळे दाखवले. किल्लीवाला गुडघ्यांवर बसला, माती बोटांनी बाजूला करत एक एक मोकळा केला. सात. मग त्याने मोजपट्टी लावून आत्ताची रेघ मोजली, एकदा आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. दोन फेऱ्यांचे चारशे चौतीस मीटर. त्याने तो आकडा स्वतःशीच उच्चारला. शेवटचा खिळा दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला आणि खिशात टाकला. बाईंना वाटलं, आता हा माणूस आपल्याला काही बोलेल, आणि बोलायलाच हवं. तो मोजपट्टी उचलून बाजूला झाला. बाईंनी पहिल्या खिळ्याच्या जागी खुंटी ठोकली, दोरी धरली आणि खऱ्या वळणाची रेघ मारली. एकवीस आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांची रेघ वाकडी आली. पण मापाने ती चारशेचीच होती. किल्लीवाल्याने तीही मोजून घेतली.

सुतळी हे सगळं टाकीच्या कठड्यावर बसून बघत होती. मापात फरक होता हे तिला दिसलं, त्यावर तिने वाद घातला नाही. "रेघ लांब होती, मान्य," ती म्हणाली. "पण त्याने मी छप्पन्नची होते असं कुठे ठरतं? ते पळून बघितल्याशिवाय कसं कळणार?" आणि तिने चपला काढल्या.

"आत्ता नको," बाई घाईने म्हणाल्या. "दीड वर्षं सराव नाही. तीन महिने दे मला, दोन दे..."

"बाई, मला नऊला दवाखाना उघडायचाय. आज सफाई आहे. होईल तेवढं पळते." तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं होतं. ते बाईंना दिसलं, बापालाही दिसलं. तिला ते आकडे खरे असायला हवे होते. कालपासून ती एवढंच लपवत होती.

बाईंनी घड्याळ हातात घेतलं. शिट्टी वाजवली.

पहिलं वळण ती अशी गेली की बाई घड्याळ विसरून बघत राहिल्या. पाय तेच होते. टाच जमिनीला लागतच नव्हती. पहिली फेरी एकोणतीस. बाई मनात म्हणाल्या, अठ्ठावन्न, अगं अठ्ठावन्न तरी, मग मी हिला सोडत नाही. पण दुसऱ्या फेरीच्या वळणावर खांदे वर आले. पाय जुने होते, छाती दवाखान्याच्या खिडकीतली होती. शेवटचे साठ मीटर ती पळत नव्हती, स्वतःला ओढत होती. रेघ ओलांडून दोन पावलं गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. बाईंनी अंगठा दाबला.

घड्याळ त्यांच्या तळहातात होतं आणि ते फक्त त्यांना दिसत होतं. बासष्ट पॉइंट चार.

"किती?" खाली मान घालूनच सुतळीने विचारलं.

सत्तावन्न म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. या मुलीशी त्या तीन वर्षं तोंड न उघडता खोटं वागल्या होत्या, आता तोंडाने एकदा खोटं बोलल्या असत्या तर ते खऱ्याच्या जास्त जवळ गेलं असतं. ती उद्यापासून आलीही असती. दोन महिन्यांत तो आकडा खरासुद्धा झाला असता. बाईंनी ओठ उघडले. पण तिच्याऐवजी तिचं आयुष्य आपण ठरवायचं, हेच तर त्या पुन्हा करायला निघाल्या होत्या, आणि हे त्यांना अगदी त्या क्षणाला समजलं. फार उशिरा समजलं, पण समजलं.

"किती, बाई?"

"बासष्ट पॉइंट चार," बाई म्हणाल्या. खऱ्या चारशे मीटरवरचा खरा आकडा त्यांनी तिला पाच वर्षांत पहिल्यांदा सांगितला.

सुतळी हळूहळू सरळ झाली. तोंडावर मघाशी जे हललं होतं ते निवलं. मग ती बाईंजवळ आली आणि त्यांच्या फक्कीने माखलेल्या हाताला हात लावला, लहान मुलाची समजूत घालावी तसा.

"बघा," ती म्हणाली. "तेवढेच. तुम्ही उगाच इतके दिवस मनाला लावून घेतलंत. तुमच्या रेघेने काही बिघडलं नव्हतं बाई, मीच तेवढी होते."

मग तिने चपला घातल्या, टाकीच्या नळाखाली तोंड धुतलं आणि नऊच्या आत पोचायचं म्हणून ती निघाली. किल्लीवाला मोजपट्टी गुंडाळत राहिला.